दांडा टाचेला की मध्यावर? गोल्फच्या पटरविषयीच्या एका जुन्या वादाचा आढावा

दांडा असलेले कोणतेही अवजार घडवताना एक प्रश्न आधी सोडवावा लागतो, तो म्हणजे दांडा डोक्याला नेमका कुठे बसवायचा. कुऱ्हाडीत तो पात्याच्या मागच्या अंगाला बसतो, त्यामुळे लोखंडाचे बहुतेक वजन दांड्याच्या एकाच बाजूला जाते. टिकावात तो दोन टोकांच्या मधोमध बसतो आणि वजन दोन्हीकडे वाटले जाते. बीड जिल्ह्यातील ऊसतोडीच्या कोयत्याची मूठ पात्याच्या एका टोकाला असते आणि ऊस बुडातून तोडणारे पाते मुठीच्या पुढे राहते. या अवजारांत दांड्याची जागा कामानेच ठरवून टाकलेली असल्यामुळे तिच्यावर कोणी वाद घालत नाही. गोल्फमधील पटरचे मात्र तसे नाही. एकाच कामासाठी दांडा टाचेला आणि दांडा मध्यावर ही दोन्ही उत्तरे शंभराहून अधिक वर्षे शेजारी शेजारी नांदत आली आहेत, त्यांपैकी एकावर काही दशके बंदीही होती, आणि आज तेच उत्तर नव्या नावाने पुन्हा चर्चेत आले आहे. काही खेळाडू मध्यावर दांडा असलेला पटर का पसंत करतात, त्या पसंतीमागे यंत्रशास्त्र किती, नजर किती आणि सवय किती, याचा हा आढावा आहे.

प्रश्नाची परिभाषा

गोल्फमध्ये चेंडू लांबवरून टोलवत आणला जातो आणि शेवटी ‘ग्रीन’ या बारीक कापलेल्या हिरवळीवर तो 108 मिलिमीटर व्यासाच्या छिद्रात घरंगळत न्यावा लागतो. या शेवटच्या कामाला ‘पटिंग’, त्यातल्या एकेका फटक्याला ‘पट’ आणि त्यासाठी वापरायच्या काठीला पटर म्हणतात. तिच्या धातूच्या डोक्याचा चेंडूला भिडणारा पृष्ठभाग ‘फेस’, खेळाडूच्या पायांकडचा भाग ‘टाच’ आणि पलीकडचा भाग ‘टोक’ म्हणून ओळखला जातो. दांड्याला खेळाडू ‘शाफ्ट’ म्हणतात, आणि शाफ्ट व डोके यांना जोडणाऱ्या मानेसारख्या भागाला ‘होझल’ म्हणतात. ही मान कधी सरळ असते, तर कधी नळाच्या जोडासारखी वाकवून शाफ्ट फेसच्या किंचित पुढे आणलेला असतो. या पुढे आणण्याला ‘ऑफसेट’ हे नाव आहे.

नियमांनीही पटरला वेगळी वागणूक दिली आहे. इतर सर्व काठ्यांचा शाफ्ट टाचेलाच जोडलेला असावा लागतो. पटरचा शाफ्ट मात्र डोक्यावर कुठेही जोडता येतो. या मोकळीकीला एक मर्यादा आहे: पटर नेहमीच्या स्थितीत जमिनीवर टेकवला असता त्याचा शाफ्ट उभ्या रेषेपासून किमान 10 अंश कललेला असावा लागतो, म्हणजे शाफ्ट अगदी ताठ उभा ठेवून घड्याळाच्या लंबकासारखा हलवण्याची सोय नियमांनी ठेवलेली नाही. मध्यावर शाफ्ट असलेला पटर म्हणजे ज्याचा शाफ्ट डोक्याच्या मध्यात किंवा मध्याच्या अगदी जवळ उतरतो तो पटर. जवळ म्हणजे किती, हे कोणी काटेकोरपणे ठरवलेले नाही, आणि या विषयावरच्या बऱ्याच गैरसमजांचे मूळ याच सैलपणात आहे.

भारतात हा खेळ जुना आहे. रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबची स्थापना 1829 ची, आणि मुंबईत चेंबूरचे बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबचे मैदान 1927 पासूनचे आहे. तरीही क्लबांच्या आणि लष्करी छावण्यांच्या कुंपणाबाहेर तो फारसा पसरला नाही, आणि मराठवाड्यातील वाचकाची त्याच्याशी ओळख मुख्यतः दूरचित्रवाणीवरून झाली आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या गटात पुण्यात जन्मलेले अनिर्बान लाहिरी आणि पुण्याशी नाते असलेले उदयन माने हे दोघे भारताकडून खेळले, आणि 7 ऑगस्ट 2021 रोजी महिलांच्या गटात अदिती अशोक चौथ्या स्थानी राहिली. अदितीचे पदक एका फटक्याने हुकले. तिच्या त्या आठवड्याच्या खेळाची सारी भिस्त पटरवर होती, आणि अखेरच्या ग्रीनवरचा एक लांब प्रयत्न छिद्रात गेला असता तर निकाल वेगळा लागला असता. एका फटक्याची किंमत इतकी असताना हातातल्या साधनाच्या बारकाव्यांवर इतका विचार का होतो, हे वेगळे सांगावे लागत नाही.

बंदी आणि मान्यता

मध्यावर शाफ्ट असलेल्या पटरचा प्रसिद्ध इतिहास अमेरिकेतील स्केनेक्टडी या गावापासून सुरू होतो. तेथील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करणाऱ्या आर्थर नाइट या अभियंत्याने ॲल्युमिनियमचे जाड डोके आणि मध्याजवळ उतरणारा शाफ्ट अशा रचनेचा पटर घडवला आणि 1903 मध्ये त्याचे पेटंट मिळवले. गावाच्या नावावरून ‘स्केनेक्टडी’ म्हणून ओळखला जाऊ लागलेला हा पटर घेऊन वॉल्टर ट्रॅव्हिस या अमेरिकी हौशी खेळाडूने 1904 मध्ये इंग्लंडमधील सँडविच येथे ब्रिटिश अमॅच्युअर स्पर्धा जिंकली. परक्या देशातल्या खेळाडूने अपरिचित साधनाने मिळवलेला हा विजय यजमानांना रुचला नाही.

नियम ठरवणाऱ्या सेंट अँड्र्यूजच्या आर अँड ए या संस्थेने पुढे अशा पटरवर बंदी घातली, आणि ट्रॅव्हिसच्या विजयाचा राग म्हणूनच ती आली, अशी कथा गोल्फच्या वर्तुळात आजही सांगितली जाते. कालक्रम पाहिला तर ही कथा तितकी सरळ राहत नाही. निर्णय 1910 चा आहे, म्हणजे विजयानंतर सहा वर्षांनी घेतलेला, आणि त्याला निमित्त झाले ते न्यूझीलंडमधील न्गा मोटू या क्लबने क्रोकेच्या हातोड्यासारख्या काठीबद्दल केलेल्या विचारणेचे. पारंपरिक घडणीपासून फार दूर गेलेली हातोडीवजा साधने नाकारण्याचे धोरण संस्थेने स्वीकारले आणि त्या व्याख्येत स्केनेक्टडीही सापडला. अमेरिकी संघटनेने ही बंदी मानली नाही. त्यामुळे सुमारे चार दशके एकच पटर अटलांटिकच्या एका किनाऱ्यावर नियमात बसणारा आणि दुसऱ्या किनाऱ्यावर नियमबाह्य अशी विचित्र स्थिती राहिली, आणि आर अँड एचे नियम पाळणाऱ्या देशांतील खेळाडूंच्या पिढ्या टाचेला शाफ्ट असलेल्या पटरवरच वाढल्या. दोन्ही संस्थांनी 1951 मध्ये एकत्र बसून सामायिक नियम ठरवले आणि ते 1952 पासून अमलात आले, तेव्हा कुठे ही बंदी उठली.

या इतिहासातून दोन गोष्टी ध्यानात येतात. मध्यावर शाफ्ट असलेल्या पटरने खेळाडूला अन्याय्य लाभ होतो, असे कोणी मोजून दाखवले म्हणून बंदी आली नव्हती. आक्षेप साधनाच्या रूपावर होता. आणि टाचेचा पटर ‘स्वाभाविक’ वाटण्यामागे या चाळीस वर्षांच्या सक्तीचाही वाटा आहे. बंदी उठल्यानंतर अमेरिकेत आधीपासून खपणारा पितळेचा पातळ ‘बुल्स आय’ पटर सर्वत्र दिसू लागला. त्याचा शाफ्ट मध्याच्या किंचित टाचेकडे उतरे आणि त्याचे काही नमुने दोन्ही बाजूंनी सारखेच असल्यामुळे उजव्या व डाव्या अशा दोन्ही हातांच्या खेळाडूंना चालत. क्रोकेसारखे दोन पायांच्या मधून चेंडू ढकलण्याची पद्धत नियमांनी 1968 मध्ये बंद केली, परंतु मध्यावरच्या शाफ्टला धक्का लावला नाही.

तोलाचे तीन प्रकार

मध्यावरच्या शाफ्टच्या बाजूने दिले जाणारे पहिले कारण तोलाचे आहे, आणि ते समजून घेण्यासाठी पुन्हा शेतीच्या अवजारांकडे वळणे सोयीचे ठरते. कुऱ्हाडीचा दांडा दोन तळहातांवर आडवा, सैल ठेवला की पाते आपोआप खाली वळते, कारण डोक्याचा गुरुत्वमध्य, म्हणजे ज्या बिंदूभोवती सारे वजन तोलले जाते तो बिंदू, दांड्याच्या अक्षापासून बाजूला असतो. टिकाव तसाच ठेवला तर त्याची दोन टोके एकमेकांना तोलून धरतात आणि दांडा स्वतःहून कुठल्याही एका बाजूला वळू पाहत नाही. पटरची पारख करताना खेळाडू हीच चाचणी बोटांवर करतात. टोक जमिनीकडे झुकले तर त्याला ‘टो हँग’ म्हणतात. हा कुऱ्हाडीचा प्रकार होय. फेस आकाशाकडे सपाट राहिला तर पटर ‘फेस बॅलन्स्ड’ म्हणजे फेस तोललेला समजतात. येथे गुरुत्वमध्य टोकाकडे वा टाचेकडे सरकलेला नसतो, पण फेसच्या मागच्या अंगाला असतो. अक्ष जवळजवळ गुरुत्वमध्यातूनच जात असेल, तर टिकावासारखा तिसरा, म्हणजे ‘शून्य पिळाचा’ प्रकार मिळतो.

येथे नेहमी होणारी गल्लत दूर करायला हवी. शाफ्ट कुठे जोडला आहे आणि डोके कसे तोलले आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. टाचेच्या बाजूला जोडलेला शाफ्ट दुहेरी वाकवून त्याचा अक्ष गुरुत्वमध्याकडे वळवला, तर तो पटर फेस तोललेला होऊ शकतो; उलट, मध्याजवळ सरळ उतरणाऱ्या शाफ्टच्या पातळ पटरचे टोक थोडे झुकूही शकते. शाफ्ट मध्यावर असल्याने तोल साधणे सोपे जाते, पण तो आपोआप साधतोच असे नाही.

हा तोल खेळाडूच्या हाताला कसा जाणवतो? पटरच्या डोक्याचे वजन साधारण 350 ग्रॅम असते. गुरुत्वमध्य अक्षापासून दोन-तीन सेंटिमीटर दूर असेल, तर पटर मागे नेताना आणि पुढे आणताना हे वजन शाफ्टभोवती फिरू पाहते, आणि फेस उघडू वा मिटू नये म्हणून बोटांना नकळत विरोध करावा लागतो. हा पीळ लहान असतो. बोटांवरच्या चाचणीत तो वाढवून दिसतो, कारण तेथे शाफ्ट आडवा असतो. प्रत्यक्ष खेळताना शाफ्ट उभ्या रेषेपासून फक्त वीसेक अंश कललेला असल्यामुळे वजनाने पडणारा पीळ आडव्या स्थितीच्या सुमारे एक तृतीयांशच उरतो. तरीही पटिंगमध्ये लहान गोष्टींना मोठी किंमत असते. तीन मीटरवरच्या सपाट पटमध्ये फेस एका अंशाने चुकला तर चेंडू छिद्राच्या मध्यापासून सुमारे 5.2 सेंटिमीटर दूर जातो, आणि छिद्राची त्रिज्या 5.4 सेंटिमीटर आहे. म्हणजे एका अंशाची चूक चेंडूला छिद्राच्या काठावर नेऊन सोडते. चेंडू कुठल्या दिशेने निघेल हे डोक्याच्या मार्गापेक्षा मुख्यतः फेसच्या दिशेवर ठरत असल्यामुळे, फेस स्वतःहून वळू न पाहणारे साधन काहींना हवेसे वाटते, यात नवल नाही.

मध्यावरचा शाफ्ट चुकीच्या जागी बसलेला फटका सावरतो, हा याच मताला चिकटलेला दुसरा दावा मात्र तितका टिकत नाही. ॲलिस्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्स यांनी 1968 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘सर्च फॉर द परफेक्ट स्विंग’ या अभ्यासग्रंथात डोक्याच्या लगेच वर बिजागरी बसवलेल्या काठीनेही चेंडू जवळपास नेहमीसारखाच जातो, असे दाखवले आहे. चेंडूचा स्पर्श सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास टिकतो, आणि तेवढ्या वेळात हातांचा जोर शाफ्टमधून डोक्यापर्यंत पोहोचून काही सावरू शकत नाही. डोके त्या क्षणी सुट्या वस्तूसारखे वागते. फटका टोकाकडे बसला तर डोके किती वळेल, हे शाफ्टच्या जागेपेक्षा वजनाच्या वाटणीवर ठरते. कावडीच्या दोन टोकांना भरलेल्या घागरी असल्या की ती खांद्यावर गर्रकन फिरवता येत नाही. त्याच न्यायाने वजन टाच आणि टोक यांच्याकडे सरकवले की डोक्याचे वळणे मंदावते. वळण्याला होणाऱ्या या विरोधाला भौतिकशास्त्रात ‘जडत्व आघूर्ण’ म्हणतात. कार्स्टन सोल्हाइम यांनी 1959 मध्ये ‘पिंग 1ए’ घडवला तो याच विचाराने. नाइटप्रमाणेच तेही जनरल इलेक्ट्रिकचे अभियंते होते. त्या पहिल्या पटरचा शाफ्ट मध्यावर होता, पण सर्वाधिक अनुकरण झाले ते 1966 च्या त्यांच्या ‘अँसर’चे, ज्यात वजनाची वाटणी तशीच राहिली आणि शाफ्ट वाकड्या मानेने टाचेकडे गेला. शाफ्टची जागा बदलूनही मूळ लाभ कायम राहिला, यावरून तो लाभ जागेचा नव्हता हे स्पष्ट होते.

नजरेचा प्रश्न

तोलाइतकेच वजनदार, पण मोजायला अवघड असे दुसरे कारण नजरेचे आहे. चेंडूवर वाकून उभ्या राहिलेल्या खेळाडूला वरून काय दिसते, यावर तो फेस कुठे रोखतो हे बरेच अवलंबून असते. मध्यावर उतरणाऱ्या सरळ शाफ्टला बहुधा ऑफसेट नसतो. त्यामुळे फेसची पुढची कड सलग दिसते, हात आणि चेंडू एका ओळीत आल्यासारखे वाटतात, आणि पटर म्हणजे हाताच्याच लांबीची पुढे गेलेली रेषा आहे असा भास होतो. ज्यांना ऑफसेटमुळे फेस डावीकडे वळल्यासारखा दिसतो, त्यांना ही रचना दिलासा देते.

याच गोष्टीची उलट बाजूही आहे. शाफ्ट बरोबर मध्यात उतरत असल्यामुळे डोक्यावर कोरलेल्या निशाणरेषेचा काही भाग झाकला जातो, आणि काहींना ते खटकते. ऑफसेटमध्ये हात चेंडूच्या किंचित पुढे राहतात, आणि ज्यांचा फटका त्या स्थितीवर बेतलेला आहे त्यांनी मध्यावरचा शाफ्ट घेतला तर पायांच्या तुलनेत चेंडूची जागा थोडी बदलावी लागते. कोणता डोळा प्रबळ आहे, यावरून होझलचा प्रकार सुचवणारे प्रशिक्षकही आहेत. या सर्व बाबतींत साधन बदलले की उभे राहण्याची ढबही बदलते, म्हणून एखाद्याला नव्या पटरने लाभ झाला तर तो शाफ्टच्या जागेचा की बदललेल्या ढबीचा, हे वेगळे काढणे कठीण होते.

हाताच्या दोन चाली

पटर मागेपुढे नेण्याच्या पद्धतीबद्दल प्रशिक्षकांत दोन संप्रदाय आहेत. नासात भौतिकशास्त्रज्ञ म्हणून काम केलेले डेव्ह पेल्झ यांनी फेस रेषेला काटकोनात ठेवून पटर सरळ मागे आणि सरळ पुढे नेण्याचा पुरस्कार केला. स्टॅन अटली यांच्यासारख्या प्रशिक्षकांचे म्हणणे असे की शाफ्ट कललेला असल्यामुळे डोके स्वाभाविकपणे हलक्या कमानीत फिरते आणि त्यासोबत फेसही थोडा उघडतो व मिटतो. त्याला रोखून धरण्यापेक्षा वाहू द्यावे. पहिल्या चालीला फेस तोललेला किंवा शून्य पिळाचा पटर साजतो, दुसऱ्या चालीला झुकलेल्या टोकाचा, हा ढोबळ नियम दुकानांत आणि क्लबांत सर्रास सांगितला जातो.

नियम उपयोगी आहे, पण तो दोन्ही दिशांनी वाचावा लागतो. ज्याच्या मनगटाला वळण्याची सवय आहे, त्याच्या हाती न वळणारा पटर दिला तर कधी फेस शांत होतो, तर कधी नेहमीची मदत न मिळाल्याने चेंडू एका बाजूला जाऊ लागतो. ग्रीनचा वेगही यात भर घालतो. पावसाळ्यात महाराष्ट्रातील बर्म्युडा गवताच्या ग्रीन जड होतात आणि फटका लांब घ्यावा लागतो. भारतातील अनेक छावण्यांच्या मैदानांवर ग्रीनऐवजी ‘ब्राउन’ म्हणजे दाबून सपाट केलेल्या वाळूची जागा असते, तिथे चेंडूची चाल आणखी वेगळी पडते. फटका जितका लांब आणि जोरकस, तितका डोक्याचा पीळही वाढतो. म्हणून एखाद्या मैदानावर मानवलेला तोल दुसरीकडे परका वाटू शकतो.

मध्यावरच्या शाफ्टकडे वळणाऱ्या खेळाडूंचा एक गट मात्र तत्त्वासाठी नव्हे, तर भीतीपोटी येतो. छोट्या पटवर हात अचानक झटका देतात, बोटे ऐकत नाहीत, या विकाराला गोल्फमध्ये ‘यिप्स’ म्हणतात. फेस स्वतःहून वळणार नाही अशी खात्री देणारे साधन हातांवरचा एक भार कमी करते, निदान खेळाडूला तसे वाटते. अमेरिकी खेळाडू लुकास ग्लोव्हर अनेक वर्षे या त्रासाने ग्रासला होता. 2023 च्या ऑगस्टमध्ये त्याने एल.ए.बी. गोल्फ या कंपनीच्या लांब पटरने लागोपाठच्या आठवड्यांत दोन स्पर्धा जिंकल्या. पटर बोटांवर आडवा न तोलता खेळताना असतो त्याच कोनात तोलायचा, हा या कंपनीचा मूळ विचार आहे. पुढे 2025 मध्ये जे. जे. स्पॉनने याच कंपनीच्या पटरने ओकमाँट येथे यू.एस. ओपन जिंकली, तीही शेवटच्या ग्रीनवर 64 फुटांचा पट छिद्रात घालून. दरम्यान इतर मोठ्या उत्पादकांनीही ‘शून्य पीळ’ असलेले पटर बाजारात आणले, आणि एकेकाळी रूपामुळे नाकारलेली कल्पना नवलाईच्या किमतीला विकली जाऊ लागली.

पुरावा कुठवर जातो

विजयांच्या अशा कथा आकर्षक असल्या तरी त्यांतून फारसे सिद्ध होत नाही. एकेका आठवड्याच्या पटिंगमध्ये योगायोगाचा वाटा मोठा असतो. मार्क ब्रॉडी यांनी अमेरिकी व्यावसायिक दौऱ्यातील लाखो फटक्यांच्या नोंदींवरून केलेल्या विश्लेषणात दोन उद्बोधक गोष्टी दिसल्या: जगातील उत्तम खेळाडूही सुमारे आठ फुटांवरून, म्हणजे 2.4 मीटरवरून, निम्मेच पट छिद्रात घालतात. आणि अव्वल खेळाडूंना इतरांवर मिळणाऱ्या आघाडीत पटिंगचा वाटा सुमारे 15 टक्के असतो, बाकीच्या आघाडीचा मोठा भाग लांबच्या फटक्यांतून येतो. निम्मे यश हाच जिथे मानदंड आहे, तिथे चार-पाच पट सलग पडले म्हणून पटर बदलणे आणि चार-पाच हुकले म्हणून तो टाकून देणे, या दोन्ही गोष्टी नाणेफेकीवरून निष्कर्ष काढण्यासारख्या आहेत.

तेव्हा आजवरच्या चर्चेतून एवढे म्हणता येते. मध्यावरचा शाफ्ट फेसला स्वतःहून वळण्याचे कारण कमी देऊ शकतो, मात्र तोल नीट साधलेला असेल तरच; ऑफसेट नसल्यामुळे काहींना रेषा स्वच्छ दिसते; आणि चेंडूला भिडण्याच्या क्षणी तो फटका सावरत नाही. टाचेचा शाफ्ट मागासलेला नाही आणि मध्यावरचा शाफ्ट फसवा नाही. यंत्रशास्त्र एवढेच सांगते की प्रत्येक पटर हातावर एक विशिष्ट पीळ टाकतो; तो पीळ मदत ठरतो की अडथळा, हे त्या हाताच्या सवयीवरून ठरते.

बीड जिल्ह्यातील ऊसतोडीच्या बोलीत हा विचार वेगळ्या संदर्भात फार आधीपासून रुजलेला आहे. तिथे मुकादम मजुरांची माणसागणिक मोजणी करत नाही. उचल देताना आणि टोळी बांधताना नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’ आणि एकटे माणूस म्हणजे ‘अर्धा कोयता’ असा हिशेब चालतो. या मोजणीत माणसाला अवजाराच्या नावाने ओळखण्याचा जाच आहेच, आणि करमणुकीचे साधन निवडणाऱ्या खेळाडूच्या प्रश्नाशी त्याची बरोबरी होऊ शकत नाही. तरीही हात आणि अवजार मिळूनच काम होते, एक सोडून दुसऱ्याचे मोल ठरवता येत नाही, एवढे त्या शब्दात गृहीत धरलेले आहे. पटरविषयीचा वाद शंभर वर्षे मिटला नाही, कारण त्यात बहुतेकांनी हात बाजूला ठेवून केवळ दांड्याची जागा मोजली.